शिवज्योत आणायला निघणाऱ्या मंडळांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागातल्या सर्व शिवजयंती उत्सव मंडळांचे अध्यक्ष, ज्योत पथकांचे प्रमुख आणि त्यांच्याबरोबर धावणारी पोरं यांना,

सप्रेम जय शिवराय.

पाडवा झाला की आपल्याकडे बैठका सुरू होतात. पावतीपुस्तकं छापायला जातात, टी-शर्टाचा रंग ठरतो, यंदा ज्योत पन्हाळ्यावरून आणायची की पारगडावरून यावर रात्री बारापर्यंत काथ्याकूट चालतो. टेम्पो कुणाचा, साउंड कुणाचा, वाटेत नाश्ता कुठं, हेही ठरतं. मी अशा वीस-बावीस बैठकांना बसलोय. पोरं किती वाजता धावणार, हा विषय एकाही बैठकीत निघालेला मला आठवत नाही. मी स्वतःही तो कधी काढला नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

मी तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शारीरिक शिक्षणाचा मास्तर होतो, आता निवृत्त आहे. उभं आयुष्य पोरांना शिट्टी मारून पळवलं. आमच्या गल्लीच्या ज्योत पथकाचा मी अकरा वर्षं प्रमुख होतो. तेव्हा मी इथं जे बोलतोय त्यात पहिला कान माझाच धरलाय असं समजा.

महाराष्ट्र सरकारची शिवजयंती १९ फेब्रुवारीला. आपण करतो वैशाख शुद्ध द्वितीयेला, अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी. तारीख की तिथी हे भांडण मला उकरायचं नाही, मी तिथीवालाच आहे. पण तिथीबरोबर वैशाखही येतो हे विसरून चालणार नाही. कधी एप्रिलचा तिसरा आठवडा, कधी मेचा दुसरा. म्हणजे वर्षातलं सगळ्यात वाईट ऊन, आणि त्यात वळवाच्या आधीचा तो कोंदट उकाडा.

‘बेळगावात कसलं ऊन? ऊन बघायचं तर अथणीला जा, विजापूरला जा.’ हे वाक्य प्रत्येक वर्षी कुणीतरी टाकतंच. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर, घाटाच्या कडेला राहतो. गरिबांचं महाबळेश्वर म्हणून मिरवतो. पारा चाळीसला क्वचितच टेकतो, हेही खरं. पण घात इथंच होतो. विजापूर-बागलकोटात लोक उन्हाला भिऊन असतात. तिथल्या सरकारी कचेऱ्यासुद्धा एप्रिल-मेमध्ये सकाळी आठला उघडतात आणि दीडला बंद होतात. आपण मात्र छत्तीस अंशांत ‘काय होतंय की’ म्हणत धावायला निघतो. शिवाय तो छत्तीसचा आकडा सावलीतला असतो. हवामान खात्याचं तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत टांगलेलं असतं, हायवेवर उन्हात उभं नसतं. भर दुपारी डांबर पन्नास-साठ अंशांपर्यंत तापतं, आणि आपली निम्मी पोरं त्यावर अनवाणी धावतात. वर हातात पेटता पलिता, डोक्याला सॅटिनचा फेटा.

आता माझी गोष्ट सांगतो. आठ-नऊ वर्षं झाली.

पन्हाळ्यावरून निघालो होतो. पहाटे निघायचं ठरलं होतं. पूजा, फोटो, भाषण, चहा असं करत गड उतरायलाच साडेसात वाजले. कोल्हापूर, कागल, कोगनोळी करत निपाणीपर्यंत उन्हं डोक्यावर आली. तवंदी घाट चढलो आणि मागून दुसऱ्या एका मंडळाची ज्योत दिसली. पुढचं तुम्हाला सांगायला नको. घोषणा वाढल्या, पाय वाढले. आमच्यात गल्लीतला एक पोरगा होता, तेवीस वर्षांचा. गोव्यात एका कंपनीत पॅकिंगला होता, दिवसभर एसीत. आदल्या रात्रीच्या गाडीनं आला होता, दोन तास झोपला असेल नसेल. स्वतःची पाळी धावला, टेम्पोत बसला, आणि पुढच्याचा पाय मुरगळला म्हणून लगेच त्याचीही पाळी घेतली. मी ‘शाब्बास रे पठ्ठ्या’ म्हणालो. हे शब्द अजून कानात आहेत.

संकेश्वरच्या अलीकडे त्यानं ज्योत दुसऱ्याच्या हातात दिली आणि उलट दिशेनं चालायला लागला. निपाणीकडं. पोरं हसली. मीही हसलो. बरोबर असलेल्या त्याच्या मामानं हाक मारली तर त्याला आईवरनं शिवी दिली. ज्याच्या तोंडून कधी अरे-तुरे ऐकलं नव्हतं, तो पोरगा. मग ‘खट्टे आलाव आपण?’ (कुठं आलोय आपण?) असं दोनदा विचारून दुभाजकाच्या कडेला बसला आणि आडवा झाला.

अंग भट्टीसारखं तापलेलं, पण घामानं चिंब. त्यामुळं आमच्यातला एक शहाणा म्हणाला, ‘घाम येतोय म्हणजे ऊन नव्हे, ॲसिडिटी आहे.’ कुणी नाकाला कांदा लावला, कुणी चप्पल. कुणीतरी तोंडात साखर-पाणी घातलं, त्याला ठसका लागला. मग उचलला, टेम्पोत घातला, ताडपत्रीच्या छपराखाली, चौघंजण भोवती गर्दी करून, आणि दवाखान्याकडं निघालो. पोचायला पाऊण तास लागला.

त्या टेम्पोत वीस लिटरचे दोन जार गार पाण्याचे होते. कोल्ड्रिंकच्या बाटल्यांसाठी थर्मोकोलची मोठी पेटी होती, त्यात अर्धी लादी बर्फ होता. मी त्या पेटीवर बसलो होतो. पोराचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि त्याला वाचवणारी वस्तू माझ्या बुडाखाली होती.

पोरगा वाचला, देवाची कृपा आणि डॉक्टरांची मेहनत. पण तिसऱ्या दिवशी लघवी काकवीच्या रंगाची झाली. तापलेले स्नायू विरघळून रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडात जाऊन बसतात, असं डॉक्टरांनी मला समजावलं. डायलिसिस करावं लागलं. त्याच्या आईनं मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं, ते पोरांना शिकवायला लागलो. वीस वर्षं मास्तरकी करून मला ते माहीत नव्हतं, म्हणून इथं जरा सविस्तर लिहितो.

धावताना स्नायू जी शक्ती जाळतात, तिचा चौथाच हिस्सा जेमतेम पाय पुढं टाकायला लागतो. बाकीची उष्णता होऊन अंगात साठते. ती बाहेर टाकायचा उन्हाळ्यातला मुख्य मार्ग म्हणजे घाम. एक लिटर घाम पुरता वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ‘वाळला तर’ हे दोन शब्द नीट वाचा. हनुवटीवरून डांबरावर टपकलेला घाम काहीच नेत नाही. हवा दमट असली, अंगात जाड पॉलिस्टरचा टी-शर्ट असला, तर घाम नुसता गळतो, गारवा होत नाही. म्हणून वळवाआधीच्या बत्तीस-तेहतीस अंशांतही जोरात धावणारा माणूस कोसळू शकतो, आणि कोरड्या अडतीस अंशांत बैलगाडीवर बसलेल्या म्हाताऱ्याला काही होत नाही. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे भर पावसाळ्यात, झारखंडमध्ये शिपाई भरतीच्या दहा किलोमीटर धावचाचणीत दहाहून अधिक उमेदवारांचा जीव गेला. कारणांवर वाद झाले, पण त्यानंतर तिथल्या मुख्यमंत्र्यांनी सकाळी नऊनंतर धावचाचणी घ्यायची नाही असं सांगितलं. ती पोरं काही कमजोर नव्हती, भरतीसाठी तयारी केलेली होती.

भरतीवाल्या पोरांबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण ज्योत पथकाचा कणा तीच असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या कॅम्पात. आपल्या गावागावांत सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत काढायचं स्वप्न बघणारी पोरं आहेत. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर, गावच्या माळावर, पहाटे पाचला ती पळताना दिसतात. बाळांनो, तुमचा दम मोठा आहे, पण तो पहाटेचा दम आहे. उन्हाची सवय ही वेगळी गोष्ट आहे. रोज थोडा थोडा वेळ उन्हात हालचाल केली तर दहा ते चौदा दिवसांत अंग ती शिकतं: घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं. सोडून दिलं की तीनेक आठवड्यांत ती सवय जाते. पहाटे पळून ती येत नाही, आणि गोव्या-पुण्याच्या एसीतून आदल्या रात्री उतरलेल्या पोराला तर ती नसतेच. उलट तंदुरुस्त पोराला धोका जास्त, कारण तो थांबायच्या जागी थांबत नाही. जिद्द असते. आम्ही मास्तर लोकांनीच ती भरलेली असते.

आता मागणी. माझी मोठी मागणी एकच आहे: सकाळी साडेआठ ते संध्याकाळी पाच या वेळात कुणीही धावायचं नाही. बाकी सगळं त्यामागून येतं.

पन्हाळा ते बेळगाव अंतर धरा एकशे तीस-पस्तीस किलोमीटर. पथक ताशी आठच्या आसपास चालतं. संध्याकाळी पाचला गडावरून निघालात तर रात्री अकरापर्यंत निपाणीच्या अलीकडे येता. तिथं झोपा. पहाटे चारला उठून साडेआठपर्यंत संकेश्वर गाठा. दिवसभर एखाद्या देवळात नाहीतर शाळेत सावलीला पडा, जेवा, पोवाडे लावा. पाचला परत निघा, रात्री काकतीला मुक्काम करा. कित्तूर राणी चन्नम्मांचं जन्मगाव ते, तिथं शिवज्योत रात्रभर राहिली तर मराठी-कन्नड दोन्हीकडच्या लोकांना आनंदच होईल. आणि तिथीच्या दिवशी सकाळी वाजतगाजत गावात या. म्हणजे एक दिवस आधी निघायचं, एवढाच फरक. पारगडावरून चंदगड-शिनोळी मार्गानं येणाऱ्यांना तर तेवढंही लागणार नाही. एक संध्याकाळ आणि एक पहाट पुरते.

रात्री हायवेवर ट्रकांची भीती असते, हा आक्षेप बरोबर आहे. मला तो हलका करायचा नाही. म्हणून जिथं सर्व्हिस रोड आहे तिथं तोच धरा, धावणाऱ्यांना चमकणाऱ्या पट्ट्यांची जाकिटं द्या, टेम्पो मागं दिवे लावून चालू द्या, आणि पोलिसांना वेळापत्रक आधी कळवा. टी-शर्टाच्या खर्चात जाकिटं सहज बसतात. मोठमोठ्यानं साउंड लावून रात्री गावं उठवायची नाहीत, हे वेगळं सांगायला नको. खरं तर सांगायला हवं.

दुसरा आक्षेप जास्त नाजूक. ‘ज्योत थांबली, टेम्पोत ठेवली, तर तिचं पावित्र्य काय राहिलं?’ एका ज्येष्ठ कार्यकर्त्यानं मला हे भर बैठकीत विचारलं होतं. त्यांना तेव्हा जे उत्तर सुचलं नाही ते आता देतो. १२ जुलै १६६० ला महाराज पन्हाळ्यावरून निघाले ते रात्री, पावसात. वेढा होता म्हणून, ऊन होतं म्हणून नव्हे, ते मला कळतं. पण वेळ बघून निघणं हाच तर त्या माणसाचा गुण. पालखीत बसले म्हणून कुणी त्यांना उणं म्हटलं नाही. ज्योत दुपारी देवळाच्या गाभाऱ्याबाहेर समईशेजारी ठेवली तर ती विटाळणार नाही.

एवढं सांगूनही कुणीतरी दुपारी धावणारच, हेही मला माहीत आहे. गडावरच उशीर झाला, वाटेत टेम्पो पंक्चर झाला, तिथीला पोचायचंच आहे. तर निदान पाळी तीनशे-चारशे मीटरची करा, त्यावर नको. एका पाळीनंतर दुसरी निदान अर्ध्या तासानं. फेटा गावच्या वेशीवर बांधा. अंगात सैल सुती, फिक्या रंगाचं. पायात बूट. दुसऱ्या मंडळाची ज्योत मागून आली तर तिला पुढं जाऊ द्या आणि जय शिवराय म्हणा, शर्यत ज्योतीची नसते. आदल्या रात्री ज्याची झोप झाली नाही, ज्याला ताप किंवा जुलाब होऊन गेलाय, ज्यानं रात्री दारू घेतली, त्यानं टेम्पोत बसून घोषणा द्यायच्या. दारूचं लिहिलं म्हणून रागावू नका, मी अकरा वर्षं टेम्पोत बसलोय, मला सगळं माहीत आहे.

पाण्याबद्दल दोन चुका होतात. एक जुनी, माझ्या पिढीची: ‘धावताना पाणी पिऊ नये, पोटात कळ येते.’ पाणी बंद करून पोरगा टणक होत नाही. दुसरी नवी: मोबाईलवर काहीतरी बघून लिटरच्या लिटर साधं पाणी ढोसायचं. घामातून मीठ जातं, वरून नुसतं पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि त्यानंही डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस बेशुद्ध पडतो. तहान लागेल तसं घोट घोट प्या. टेम्पोत ओआरएसची पाकिटं ठेवा, एक पाकीट जेवढ्या पाण्यात सांगितलंय तेवढ्यातच. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. आणि आपलं ताक आहे की, मीठ घालून. आंबील आहे. खानापूरकडच्या मंडळांकडं कोकम सरबत असतं. त्या रंगीत एनर्जी ड्रिंकच्या डब्यांवर वर्गणी घालवू नका.

आणि आता ते, जे मला त्या दिवशी माहीत हवं होतं. प्रत्येक पथकात निदान चौघांनी हे पाठ करावं.

उन्हात धावणारा पोरगा बरळायला लागला, चिडला, शिव्या द्यायला लागला, झोकांड्या खायला लागला, उलट दिशेनं चालायला लागला, तर त्याला हसू नका. घाम येतोय का बघत बसू नका. धावून धावून जो उष्माघात होतो त्यात अंग घामानं ओलं असू शकतं. आतलं तापमान चाळीसच्या वर गेलेलं असतं आणि मेंदू शिजायला लागलेला असतो. आधी गार करायचं, मग हलवायचं. हा क्रम उलटा केला की माझ्यासारखं होतं.

प्रत्येक टेम्पोत ताडपत्री असते. ती सावलीत अंथरायची, पोराचे कपडे चड्डीपर्यंत उतरवायचे, त्याला मधे झोपवायचं. चौघा-पाचजणांनी ताडपत्रीच्या कडा उचलून धरायच्या, झोळीसारख्या. एकानं डोकं वर धरायचं, तोंडात-नाकात पाणी जाता कामा नये. मग जार त्यात ओतायचे, बर्फ फोडून टाकायचा, आणि ते पाणी हातानं सारखं अंगावर खेळतं ठेवायचं. पाणी तुंबून राहिलं तर अंगाजवळचा थर तापतो. बर्फाच्या पाण्यात बुडवलेलं अंग दर पाच मिनिटांना साधारण एक अंश उतरतं, ताडपत्रीत जरा हळू. पहिल्या अर्ध्या तासात ताप उतरला तर पोरगा बहुतेक करून पुरता बरा होतो. त्याच वेळी दुसऱ्यानं १०८ ला फोन करायचा. कर्नाटकात काय, महाराष्ट्रात काय, नंबर तोच. फक्त आपण सीमेच्या अलीकडे आहोत की पलीकडे आणि जवळचं गाव कुठलं, हे स्पष्ट सांगायचं. पोरगा धड भानावर येईपर्यंत किंवा कुडकुडायला लागेपर्यंत गार करत राहायचं. तोंडात काही घालायचं नाही. क्रोसिन-बिसिन द्यायची नाही, हा ताप त्या गोळीचा नव्हे. कांदा घरी ठेवा.

नुसते गोळे आले, चक्कर आली, मळमळलं पण पोरगा नीट बोलतोय, तर सावली, पाय उंच, वारा, मीठ-साखरेचं पाणी. पण त्या दिवशी त्याला परत धावायला द्यायचं नाही, त्यानं कितीही गयावया केली तरी. ‘मी बरा आहे सर’ हे आमचा तो पोरगाही म्हणाला होता, पहिल्या पाळीनंतर.

बैठकीत हे सगळं वाचून दाखवायला वेळ नसेल तर एवढंच ठरवा: वेळ, आणि टेम्पोत दोन लाद्या बर्फ, चार जार पाणी. बर्फावर कोल्ड्रिंक ठेवलंत तरी हरकत नाही, पण त्यावर कुणी बसू नका.

तो पोरगा आता बत्तीस वर्षांचा आहे. उन्हात अजून त्याला त्रास होतो, म्हणून ज्योतीला येत नाही. गेल्या वर्षी मिरवणुकीत चित्ररथाच्या पुढं दिसला, मुलगी खांद्यावर होती. मला बघून हात जोडले.

माझ्या घरी दोन ताडपत्र्या आहेत, बारा बाय पंधराच्या, धुऊन वाळवून घडी घालून ठेवल्यात. ज्या पथकाला लागतील त्यांनी निघायच्या आधी घेऊन जाव्यात. रविवारी संध्याकाळी मी घरीच असतो. पोरांना ताडपत्री कशी धरायची ते अंगणात दाखवीन, झोपायला मी स्वतः झोपेन. पाणी मात्र जरा बेतानं गार आणा.

आपला,
एक जुना ज्योतपथक प्रमुख आणि निवृत्त खेळ-मास्तर
बेळगाव तालुका